चादरीच्या आत

"सोडू का गं?"

बांबूनं धुरांड्याच्या तोंडात डोकं घालून हाक मारली. खालून उत्तर नाही.

एका हातात दोर. दोराच्या टोकाला लोखंडी गोळा आणि गोळ्याच्या वर तारेचा गोल ब्रश. दुसरा हात धुरांड्याच्या विटांना घट्ट धरलेला. पायाखालचं छप्पर उतरतं, त्यात सकाळच्या दवानं कौलं अशी निसरडी झालेली, की मांजरानंही विचार करून पाय टाकावा.

"अगं ए! झोप लागली की काय तिथं? सोडू का?"

त्यांची रीत ठरलेली होती. खालून बायकोनं "सोडा" म्हणायचं, मग यानं गोळा सोडायचा. गोळा आगटीत टेकला की तिनं "आलं" म्हणायचं, मग यानं दोर ओढायचा. ब्रश वरखाली होई तशी काजळी भसाभसा खाली पडे, आणि बायको ती हातानं उचलून पत्र्याच्या डब्यात भरे. तिचा हात आगटीत असायचा, कधी कधी डोकंही. वरून गोळा सुटला तर मडकं फुटावं तसं डोकं फुटेल. म्हणून हाकेशिवाय गोळा सोडायचा नाही. लग्न झालं त्या हिवाळ्यापासून हा नियम त्यानं एकदाही मोडला नव्हता.

उंच, किडकिडीत, वाऱ्यात जरा झुकून चालणारा, म्हणून गावानं त्याला बांबू नाव ठेवलं. धुरांडं तुंबलं, घरात धूर मागं यायला लागला, की लोक म्हणत, "बांबूला बोलवा." बायकोला सगळे मावशी म्हणत. दोघं नवराबायको जोडीनं येत, तो शिडी घेऊन आणि ती डबा आणि चादर घेऊन.

"अहो धुरांडेवाले!" खालून आवाज आला, पण तो घरमालकीणबाईंचा. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, आवाज अजून खिडकीपलीकडच्या रांगेला द्यावा तसा. "खाली या बरं लवकर! मावशींना काहीतरी होतंय!"

तो शिडीवरून कसा उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. दारात बूट काढायचेही राहिले.

बाहेरच्या खोलीत, भिंतीतल्या आगटीवर नेहमीसारखी जाड चादर टांगलेली. चादरीच्या कडा चिमट्यांनी भिंतीला पक्क्या केलेल्या, काजळीचा कण खोलीत येऊ नये म्हणून. बाईंची खुर्ची स्वच्छ, पडदे स्वच्छ, जमिनीवरचा गालिचा स्वच्छ. आणि चादरीच्या आत, आगटीसमोर गुडघ्यांवर बसलेली त्याची बायको. तिची सावली चादरीवर पुढंमागं हलत होती.

त्यानं चादर उचलली. काळा लोट बाहेर आला.

"अहो, गालिचा!" बाई ओरडल्या, आणि लगेच जीभ चावून गप्प झाल्या.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडं, ओठांच्या कडा निळसर, छाती भात्यासारखी चाललेली. बोलता येत नव्हतं. तिनं हातानं खूण केली. त्याला वाटलं, पाणी मागते. ती चादरीकडे बोट दाखवत होती. आधी ती खाली सोडा.

त्यानं चादर सोडली, तिला काखेत धरून मागच्या दारानं अंगणात नेलं आणि पायरीवर बसवलं. बाईंनी पाणी आणलं. बऱ्याच वेळानं तिचा श्वास जरा जाग्यावर आला.

"काय झालं गं?"

"काही नाही." ती हसली. काळ्या तोंडात दात तेवढे पांढरे. "हाक मारायला गेले तर हाकच घशात अडकून बसली. म्हातारी झाली माझी हाक. आता काठी घेऊन चढेल ती धुरांड्यातून."

"थट्टा करायची वेळ आहे ही?"

"मग काय रडू? चला, अर्धं राहिलंय."

"राहू दे. उद्या येऊ."

"आणि या बाई रात्रभर थंडीत काकडणार का? चला म्हणते ना."

बांबू पुन्हा वर गेला. तिनं "सोडा" म्हटलं, "आलं" म्हटलं. आवाज येत होता, पण विहिरीच्या तळातून यावा तसा. दर वेळी तो कान धुरांड्याला लावून बसे. हाक आली की त्याच्या जिवात जीव येई.

*

लेक जवळच राहायची, नवऱ्याबरोबर धोबीखाना चालवायची. स्वभाव आईचा, उंची बापाची. तिनं ऐकलं तशी ती इस्त्री तशीच ठेवून आली.

"खोकला गेल्या हिवाळ्यापासून आहे हिचा. मी किती वेळा सांगितलं, दाखवा म्हणून? बाबा, तुम्ही तरी!"

"ती म्हणते थंडीचा आहे."

"ती म्हणेल! तिचा पाय मोडला तरी ती म्हणेल मुंगी चावली."

लेकीनं दोघांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, लेकीपेक्षाही लहान दिसत होती. छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. बायकोनं जोर लावून फुंकलं, आणि नळीतली गोटी जागची जरा हलली आणि बसली.

"घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"नाही हो," बायको म्हणाली. "यांना पानाचंसुद्धा व्यसन नाही. मलाच आहे, बोलायचं."

"घरात धूर होतो?"

आता बांबूला चेव आला. "डॉक्टर, माझ्या घराचं धुरांडं आरसा आहे आरसा. मी वाळलेलंच लाकूड जाळतो. ओलं लाकूड जाळलं की आतून डांबरासारखी काजळी धरते, आणि एक दिवस तीच पेट घेते. मी लोकांना सांगून सांगून थकलो. आमच्या घरात धूर? नाव नको."

"काम काय करता?"

"धुरांडी साफ करतो. दोघं मिळून."

डॉक्टरीणबाईनं लिहिता लिहिता मान वर केली. "मग तुमचीही छाती बघू द्या."

त्याला फोटोला उभं केलं, त्यालाही फुंकायला लावलं. त्याच्या नळीतली गोटी टणकन वर जाऊन आपटली. बायको कौतुकानं हसली. "बघा! मी म्हणतेच, घोडा आहे."

डॉक्टरीणबाई दोन्ही फोटो उजेडात शेजारी शेजारी धरून बघत राहिली. मग लेकीला म्हणाली, "आईंना जरा बाहेर बसवता का?" त्या दोघी गेल्यावर तिनं बांबूला समोर बसवलं.

"काका, काम कसं करता ते नीट सांगा. वर कोण जातं?"

"मी."

"दर वेळी?"

"दर वेळी. माझा थोरला भाऊ छपरावरून पडून गेला. माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून मी शपथ घेतली, घरातलं दुसरं कुणी वर चढणार नाही. लग्न झाल्यावर हिला सांगितलं, वरचं धोक्याचं काम माझं, तू खाली सुखात राहा."

"आणि काजळी कुठं पडते?"

"खाली."

"तिथं त्या कुठं असतात?"

"चादरीच्या आत. खोली खराब होऊ नये म्हणून चादर लावतो ना, तिच्या..." बोलता बोलता तो थांबला.

"तोंडाला काही बांधत नव्हत्या?"

"बांधायची. पण फडक्यातून हाक नीट यायची नाही. सुरुवातीला एकदा मला 'थांबा'चं 'सोडा' ऐकू आलं. थोडक्यात वाचली. म्हणून मीच म्हणालो, फडकं काढ. काढून बोल."

डॉक्टरीणबाईनं दोन्ही फोटो त्याच्यापुढं सरकवले. तिनं त्याला काही बोल लावला असता तर बरं झालं असतं. दोन फोटो समोर होते. त्याचा स्वच्छ, पहाटेच्या आभाळासारखा. तिच्यात जाळी जाळी, आगटीच्या मागच्या भिंतीवर असते तशी.

"हे बरं होणारं नाही," ती शेवटी म्हणाली. "जपता येईल. काम आजपासून बंद. खोली उबदार हवी, पण धूर नको, धूळ नको. हा हिवाळा निघाला तर पुढचं पुढं बघू."

"तिला काय सांगू?"

"तुम्हाला जसं जमेल तसं. पण सांगा. त्यांना विचारायचं असेल काही."

बाहेर बाकावर बायको शेजारच्या पेशंटच्या पोराचं नाक पुसत बसली होती. "काय म्हणाली हो डॉक्टरीण?"

"थंडीचा आहे म्हणाली," बांबू म्हणाला. "जपायचं."

"मी म्हणत नव्हते?" तिनं लेकीकडे बघून भुवई उडवली.

लेकीनं बापाकडे बघितलं. बापानं नजर चुकवली आणि औषधाच्या खिडकीकडे चालायला लागला.

*

कामं त्यानं बंद केली नाहीत, बायकोला मात्र घरी ठेवलं. "थंडी सरेपर्यंत," म्हणाला. लेकीला खरं काय ते तिच्या दुकानात जाऊन सांगितलं. ती बिचारी दुकानाच्या मागच्या बाजूला, वाळत घातलेल्या चादरींमध्ये जाऊन रडून आली आणि मग म्हणाली, "बाबा, हे तुम्ही सांगायचं. मी नाही."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

रोज सकाळी तो मनात शब्द जुळवी आणि रोज दुपारपर्यंत ते विस्कटून जात. माणूस असा, की छपराच्या धारेवर उभा राहून शीळ घालेल, पण घरात दोन वाक्यं सलग बोलायची म्हटलं की घाम फुटेल. आयुष्यभर बायकोशी जे काही बोलला ते धुरांड्यातून. "आज लवकर आटपू गं, लेक यायची आहे." "वरून नदी दिसते, पूर ओसरला बघ." "रागावलीस का सकाळचं?" खालून ती उत्तर द्यायची. चेहरा दिसत नसला की त्याला बोलता यायचं. आता चेहरा समोर होता, दिवसभर, उशीला टेकलेला.

एक दिवस तो कामावरून जरा लवकर आला. दाराशी शिडी टेकवली आणि आतला आवाज ऐकून तिथंच थबकला. शेजारची शिंपीणबाई बायकोजवळ बसायला आली होती. हातात कुणाच्या तरी पँटची शिवण, तोंडात सुई, आणि त्या सुईच्या बाजूनं गप्पा.

"वहिनी, तुमचं बरं आहे बाई. भाऊजी औषध वेळेवर देतात. आमच्याकडे मी मेले तरी 'चहा टाकलास का' म्हणून विचारतील."

"तो माणूसच तसा आहे," बायको म्हणाली. मध्ये श्वास घ्यायला थांबली. "बोलत नाही. पण काळजी फार. आयुष्यात कधी मला... छपरावर पाय ठेवू दिला नाही. ऊन असो, बर्फासारखं गार असो, स्वतः वर. मला म्हणायचा, तू खाली सावलीत बस. सुखात बस." पुन्हा थांबली. "भाऊ गेला ना त्यांचा तसा. तेव्हापासून धसका. मला म्हणून... तळहाताच्या फोडासारखं जपलं."

"भाग्य लागतं हो."

"लागतं."

बांबू बाहेर शिडीला धरून उभा. समोरून जाणारा दूधवाला म्हणाला, "काय मामा, शिडी पळून जाईल म्हणून धरून ठेवली काय?" बांबू तसाच वळला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि शिंपीणबाई गेल्यावरच घरात आला.

"आज तोंड का असं?" बायकोनं विचारलं.

"कुठं कसं?"

"कुणी मेल्यासारखं."

त्या दिवशीही त्यानं सांगितलं नाही. तिच्याजवळ तेवढं एक सुख उरलं होतं, नवऱ्यानं आपल्याला जपलं एवढं. ते तिच्याकडून काढून घ्यायचं, की तिच्या छातीत काय आहे आणि कशानं आहे ते तिच्यापासून लपवून ठेवायचं? दोन्हीकडून त्याचं काळीज सोलून निघत होतं.

*

थंडी वाढली. खोली उबदार ठेवायची तर आगटी दिवसभर पेटती हवी, आणि त्याआधी घरचं धुरांडं साफ व्हायला हवं. दर वर्षी हिवाळा लागायच्या आधी ते दोघं आपलं धुरांडं सगळ्यांच्या शेवटी करत. लोकांची संपल्याशिवाय आपलं नाही.

त्यानं लेकीला बोलावलं. "आईला तुझ्याकडे घेऊन जा. संध्याकाळपर्यंत आणू नकोस. आल्यावर काजळीचा वाससुद्धा यायला नको."

"पण खाली कोण?"

"माझं मी बघतो."

बायको जायला तयार नव्हती. "मी दुसऱ्या खोलीतून हाक देते की. हाक द्यायला काय लागतं? दार लावून घ्या."

"नको."

"मग गोळा टेकल्याचं कळणार कसं तुम्हाला?"

"जा म्हणतो ना!" तो इतक्या जोरात बोलला की लेकही दचकली. बायको शाल घेऊन उठली.

त्या गेल्यावर त्यानं चादर टांगली. चिमटे लावले. शिडी काढलीच नाही. अडगळीत जुन्या जोडकाठ्या होत्या, एकात एक बसवायच्या आणि खालून वर ढकलायच्या. त्याचा बाप कधी कधी तसं काम करायचा, याला ते आवडायचं नाही, हात भरून येतात म्हणून. त्या काठ्यांना ब्रश लावला आणि तो चादरीच्या आत शिरला.

आत अंधार. गुडघे जमिनीला, मान वर. पहिल्याच रेट्याला काजळी खाली आली, अंगावर, डोळ्यांत, कॉलरमधून पाठीवर. श्वास घेतला तसा घशात भुसा भरल्यासारखं झालं. खोकला आला. खोकल्यानंतर मोठा श्वास घ्यावाच लागतो, आणि त्या श्वासाबरोबर पुन्हा आत. फडकं गळ्यात होतं. ते वर घ्यावं असं वाटलं, पण हात वर गेला नाही. हे असं. घराघरांत, हिवाळ्यामागून हिवाळे. आणि वर आपण, वाऱ्यात, नदी बघत, "तिथं सुखात आहेस ना गं?" म्हणून विचारत होतो.

त्यानं काम नेकीनं केलं. वरचं वळण, आतला आडवा कोपरा, धूर अडवणारा पत्रा, सगळं. धुरांड्याच्या तोंडावरची जाळी सैल झाली होती, ती तेवढी दुसऱ्या दिवशी वर जाऊन बसवावी लागणार होती. काजळी भरली, आगटी ओल्या फडक्यानं पुसली, जमीन दोनदा धुतली, खिडक्या उघडल्या, पुन्हा लावल्या. मग वाळक्या काटक्यांची जुडी पेटवून धूर सरळ वर जातो का बघितलं. जात होता. मग लाकडं रचून पेटवली. स्वतः अंघोळ करायचं मात्र तो विसरून गेला. म्हणजे दमून बसला होता आगटीशी, तेवढ्यात त्या आल्याच.

बायकोनं उंबऱ्यातूनच त्याला बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत काळा. नुसते डोळे लुकलुकत होते.

लेक म्हणाली, "अगंबाई, बाबा! अस्वल झालंय तुमचं."

बायको हसली नाही. तिनं दाराबाहेर बघितलं. शिडी भिंतीला आडवी होती, सकाळी होती तशीच. तिनं कोपऱ्यातल्या काठ्या बघितल्या. सारी हयात तिनं हेच काम केलं होतं, तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"खालून केलंत?"

"हं."

"का?"

बांबूनं आगटीतलं एक लाकूड उगाच हलवलं.

"वर कोण नव्हतं म्हणून नव्हे. वर तुम्ही जाता. खाली कुणी नव्हतं, तरी वरून जमलं असतं, दोन खेपा जास्त झाल्या असत्या. खालून का केलंत? आणि मला घालवून का दिलंत? ओरडून?" एवढं बोलून तिला धाप लागली. लेकीनं तिला खुर्चीत बसवलं. लेकीचे डोळे भरून आले होते, आणि ते बायकोनं बघितलं. "ही का रडते? काय म्हणाली होती ती डॉक्टरीण?"

आगटीतली लाकडं पेटायला लागली होती. बांबूनं चेहरा आगटीकडे केला, पाठ तिच्याकडे. आणि त्या वरच्या काळ्या पोकळीकडे बघत त्यानं सगळं सांगितलं. दोन फोटोंचं. गोटीचं. काजळी कुठं पडते ते. फडक्याचं. शेवटी म्हणाला, "मला वाटायचं, धोका वर आहे."

लाकूड तडकलं.

मग बायको बोलायला लागली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायला श्वास नव्हता. त्यामुळे ती हळू, तुटक तुटक बोलली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"पहिल्या वर्षी मी म्हणाले होते, वर मी जाते. मी हलकी आहे. माझ्यानं कौलं फुटणार नाहीत. आठवतं?"

"आठवतं."

"काय म्हणालात?"

"पडशील म्हणालो."

"पडले असते तर पडले असते. एकदाच. मला विचारलंत कधी, खाली कसं वाटतं म्हणून?"

"विचारायचो की. सुखात आहेस ना म्हणून."

"ते विचारणं नव्हतं. तुम्ही तुमचंच उत्तर... मला सांगत होता." ती थांबली. श्वास भरला. "आणि त्या वकिलांच्या घरी. फडकं बांधलं म्हणून सगळ्यांसमोर ओरडलात. काढ म्हणून. काढलं मी. मला वाटलं, गोळा डोक्यात पडू नये म्हणून सांगतोय."

"त्याच्यासाठीच सांगत होतो गं."

"माहीत आहे मला!" तिनं खुर्चीच्या हातावर थाप मारली. "तेच तर. वाईट असतात तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आता कुणाला शिव्या देऊ? शिंपिणीला सांगत बसले मी. गावभर सांगत फिरले."

लेक म्हणाली, "आई, बास. दम लागेल."

"लागू दे."

बांबू उठला. तिच्या पायाशी पाण्याचं भांडं ठेवायला गेला, तर तिनं पाय मागं घेतले.

"अंघोळ करा जा," ती म्हणाली. "सगळं घर काळं कराल."

*

ती बोलेनाशी झाली. औषध लेकीच्या हातून, जेवण लेकीच्या हातून. लेक नसेल तर शिंपीणबाईच्या हातून. शिंपीणबाई गोंधळून जायची. "भाऊजी घरात असताना मी कशाला भरवू?" विचारायची, आणि बायको म्हणायची, "त्यांना कामं आहेत."

कामं तर त्यानं आता घेणंच सोडलं होतं. लोक बोलवायला येत, तो सांगे, घरात आजारी आहे. एका घरची सून जास्तच मागं लागली तेव्हा मात्र तो गेला. शिडी लावायच्या आधी त्यानं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. ती म्हणाली, "मी बसते की चादरीच्या आत, मावशी बसायच्या तशी." तर बांबू असा खेकसला तिच्यावर, की तिचा नवरा बाहेर आला. मग बांबूनंच माफी मागितली आणि एकट्यानं, वरखाली खेपा घालून काम उरकलं. ते घर अजून सांगतं, की मावशी आजारी पडल्यापासून बांबूचं डोकं फिरलं.

घरी तो पहाटे उठून आगटी पेटवी. लाकडं निवडून, साल काढून, वाळकीच. धूर एक रेष खोलीत यायचा नाही. बायको उशीला टेकून बघत राही. आगटीत खोट काढण्यासारखं काही सापडलं असतं तर ती बोलली असती, निदान त्यासाठी तरी. पण सापडत नव्हतं. आडवं झालं की तिला गुदमरायचं, म्हणून आता ती बसूनच झोपायची. मान कलंडली की तो उशी सरकवायचा. झोपेत असल्यामुळे तेवढं चालायचं.

अशीच एक सकाळ. लेकीकडे एका मोठ्या कुटुंबाचे कपडे आले होते, ती उशिरा येणार होती. शिंपीणबाई माहेरी गेलेली. बायकोनं स्वतःच फणी घेतली. डोक्यावरचा रुमाल सोडला. एक हात वर केला, केसांत फणी घातली, ओढली, आणि हात खाली आला. थांबली. पुन्हा हात वर. पुन्हा खाली. हात वर करायचा म्हणजेसुद्धा श्वास लागतो, हे बांबूला त्या दिवशी कळलं. तो आगटीशी लाकडं सारखी करत बसला होता. उठला नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही, एवढं तो शिकला होता.

तिनं तिसऱ्यांदा हात वर केला. फणी केसांत अडकली आणि तिथंच राहिली. ती डोळे मिटून बसली. तिच्या गळ्याजवळची खळगी दर श्वासाला खोल जात होती. कितीतरी वेळ. मग तिनं फणी केसांतून सोडवली, खुर्चीत हळूहळू वळून त्याच्याकडे पाठ केली, आणि फणी खांद्यावरून मागं धरली.

बांबूनं हात धोतराला पुसले. पुन्हा पुसले. मग जाऊन फणी घेतली.

तिचे केस पांढरे होते, सगळेच्या सगळे. कामावर डोक्याला फडकं, घरी रुमाल, आणि सकाळी तो उठायच्या आत अंबाडा घातलेला. हे पांढरे कधी झाले ते त्याला कळलंच नव्हतं. त्यानं वरून फणी घातली आणि ओढली.

"खालून आधी," ती म्हणाली. "टोकाचा गुंता काढायचा, मग वर."

त्यानं खालून सुरुवात केली. गुंता सुटला. केसांचे दोन भाग करून तो वळायला लागला.

"तीन करायचे," ती म्हणाली. "वेणी घालताय. दोर वळत नाही आहात."

त्यानं तीन केले. एक निसटला, पुन्हा धरला. दर श्वासाला तिची पाठ वर उचलायची आणि पेड त्याच्या बोटांतून सुटायचे. म्हणून तिचा श्वास आत चालला की तो थांबायचा, बाहेर आला की एक पेड दुसऱ्यावर घालायचा, आणि पुढच्या श्वासाची वाट बघायचा.